एका रात्रीचं नाट्यगृह

घणाचा पहिला घाव बसतो आणि मेख वीतभर जमिनीत जाते. दुसऱ्या घावाला खाली मुरूम लागतो, तसा आवाज बदलतो. घण मारणारा पोरगा थांबतो, मेख हलवून उपटतो, हातभर बाजूला रोवतो आणि पुन्हा सुरू करतो.

चैत्रातली दुपार, चारचा सुमार. संगमनेर तालुक्यात, प्रवरेच्या काठावरच्या माझ्या आजोळी, भैरवनाथाच्या देवळामागच्या वावरात मी उभी आहे. महिन्यापूर्वी इथं गहू होता, अजून धसकटं पायाला टोचतात. यात्रेला जागा मोकळी हवी म्हणून मामा या तुकड्यात गहू लवकर पेरतात आणि पाडव्याच्या आत तो घरात येतो. रात्री नऊ वाजता याच धसकटांवर गाव बसणार आहे.

बांधालगत फडाचे ट्रक उभे आहेत. त्यांच्या अंगावर ढोलकीचं चित्र आणि 'लोकनाट्य तमाशा मंडळ' अशी मोठाली अक्षरं. काल रात्री ही मंडळी जुन्नर तालुक्यात होती. रात्रीचा खेळ, सकाळची हजेरी, मग आवराआवर. आळेफाटा मागं टाकून, चंदनापुरीचा घाट उतरून ती जेवणवेळेला इथं पोचली. शंभराच्या आसपास माणसं आहेत. त्यात नाचणाऱ्या-गाणाऱ्यांपेक्षा बिगारी, वायरमन, ड्रायव्हर आणि आचारीच जास्त दिसतात. ट्रकमधून लोखंडी सांगाडे उतरतात, फळ्या उतरतात, पडद्यांच्या वळकट्या, दिव्यांच्या पेट्या, जनरेटर, पातेली, शेगड्या उतरतात. सगळ्यांत आधी मात्र एक लाकडी पाळणा उतरलेला असतो. बाकी सामान जमिनीवरच पडलेलं असतं, पण पाळणा आधी राहुटीच्या दांडीला टांगला जातो.

देवळाच्या भिंतीवर यात्रेची पत्रिका चिकटवलेली आहे. पहाटे अभिषेक, सकाळी कावडींची मिरवणूक, दुपारी काल्याचं कीर्तन, रात्री आठला छबिना, नऊला लोकनाट्य तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्या आणि दुपारी तीनला कुस्त्यांचा जंगी हगामा. कीर्तन आणि तमाशा एकाच कागदावर, एकाच शाईत आणि एकाच वर्गणीतून. पुणतांब्याहून गोदावरीचं पाणी घेऊन चालत आलेली पोरं सभामंडपात पाय पसरून झोपली आहेत. त्यांच्या उशाला कावडी आहेत आणि कावडींच्या पलीकडं, काल्याच्या कीर्तनातल्या लाह्यांचे चार दाणे अजून फरशीवर पडलेत.

मामा यात्रा कमिटीत आहेत. पाडव्याला ते आणि गावचे आणखी चौघं नारायणगावला जाऊन ही सुपारी ठरवून आले. पुणे जिल्ह्यातल्या या गावात तेव्हा फडांच्या राहुट्या ओळीनं लागतात आणि गावोगावचे पंच तिथं येऊन तारखा पक्क्या करतात. दसऱ्यापासून मोठे फड तिकीट लावून तंबूत खेळ करतात. चैत्र लागला की तंबू बाजूला ठेवतात आणि यात्रांना निघतात. यात्रेच्या खेळाला तिकीट नसतं. घरटी वर्गणी निघते, आणि ज्या घरातून ती आली नाही त्या घरातलं माणूसही याच वावरात बसतं. कोण कुठं बसणार हे कुणी सांगत नाही. जो आधी येईल तो पुढं.

"मामा, वर्गणी कमी पडली तर?"

"पडतीच की दरसाल," मामा म्हणतात. "मग आम्ही पाच जण खिशात हात घालतो. तमाशा नाही ठेवला तर यात्रा झाली असं कुणी म्हणत नाही बाई."

*

फळ्यांना फळ्या जोडल्या जातात, तसा मंच उंच होत जातो. त्याच्याकडं पाहताना मला कोतोहिरा आठवतं. जपानच्या शिकोकू बेटावरचं हे छोटं गाव मी चित्रफितींतच पाहिलंय, पण पुन्हा पुन्हा पाहिलंय. तिथं डोंगरावर कोंपिरा देवाचं मोठं ठाणं आहे. शेकडो पायऱ्या चढून यात्रेकरू दर्शनाला जातात. कोंपिरा हे नावसुद्धा आपल्याकडून गेलेलं, संस्कृतातल्या 'कुंभीर'वरून, म्हणजे गंगेतल्या मगरीवरून. या डोंगराच्या पायथ्याशी यात्रेकरूंसाठी १८३५ साली लाकडी नाट्यगृह उभं राहिलं. त्याचं नाव कानामारुझा. जपानमधलं आज उभं असलेलं हे सर्वांत जुनं काबुकी नाट्यगृह. तिथं प्रेक्षक जमिनीवर, लाकडी पट्ट्यांनी आखलेल्या चौकोनांत मांडी घालून बसतात. नटाची वाट प्रेक्षकांच्या मधून जाते. फिरता रंगमंच तळघरातली माणसं खांद्यानं रेटून फिरवतात. उजेड कमी-जास्त करायला बाजूच्या खिडक्यांची दारं सरकवतात.

ही वास्तू पडायला आली होती. १९७२ ते १९७६ या काळात ती एकेक तुळई सोडवून दुसऱ्या जागी पुन्हा जोडली गेली. १९८५ पासून तिथं दर वसंतात काबुकीचा महोत्सव होतो. महिना एप्रिलच, म्हणजे आपला चैत्र. रंगमंच फिरवायला आणि लोकांना जागेवर बसवायला गावातलीच माणसं राबतात. कोविडनं तो महोत्सव थांबवला आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा सगळं गाव रस्त्यावर लोटलं होतं.

देव, डोंगर, यात्रा, नाटक आणि नाटकासाठी राबणारं गाव. हे सगळं माझ्या आजोळी आहे. फक्त आमचं नाट्यगृह संध्याकाळी उभं राहतं आणि सकाळी ट्रकमध्ये जातं. त्यामुळे ते जुनं आहे हे आमच्या ध्यानातच येत नाही. जुनं म्हणजे भिंत, अशी आमच्या नजरेला सवय झाली आहे.

ते किती जुनं आहे हे सांगायला मला तालुक्याबाहेरसुद्धा जावं लागत नाही. संगमनेरात १७४४ साली शाहीर अनंत फंदी जन्मले. घोलपांच्या ब्राह्मण घरातला हा मुलगा मलिक फंदी नावाच्या फकिराच्या संगतीनं फंदी झाला आणि डफ-तुणतुण्याच्या साथीनं पेशवाईत गाजला. जवळच हिवरगाव पावसा हे पवळाबाईंचं गाव. तमाशात तोवर बाईचं काम नाच्या पोऱ्या करायचा. पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळाबाई उभ्या राहिल्या, आणि तमाशाच्या बोर्डावर नाव कमावणारी पहिली स्त्री म्हणून आजही त्यांचंच नाव घेतलं जातं. रेठऱ्याच्या कुलकर्ण्यांचा श्रीधर, म्हणजेच पठ्ठे बापूराव, आणि हिवरगावच्या महारवाड्यातली पवळा एका मंचावर उभे राहिले. ज्या काळात पाणवठे वेगळे होते, त्या काळात हे घडलं.

आणि कांताबाई सातारकर. १९३९ साली गुजरातेत जन्म, बालपण साताऱ्यात, नाव साताऱ्याचं आणि संसार संगमनेरचा. तुकाराम खेडकरांच्या फडात त्या वाढल्या. १९६४ मध्ये खेडकर गेले, आणि पुढं या बाईंनी स्वतःच्या हिमतीवर फड उभा केला. २०२० चा चैत्र टाळेबंदीत गेला, २०२१ चाही गेला. यात्रा नाहीत म्हणजे सुपाऱ्या नाहीत, आणि सुपाऱ्या नाहीत म्हणजे चूल नाही. त्याच दुसऱ्या चैत्रानंतर, २५ मे २०२१ रोजी, कोविडनं कांताबाई संगमनेरातच गेल्या. तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेला गर्दी करायलाही परवानगी नव्हती. आयुष्यभर ज्यांनी हजारोंना एका जागी बसवलं, त्यांना निरोप द्यायला हजारो येऊ शकले नाहीत. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

*

सहा वाजता सोंगाड्या मामांच्या ओट्यावर चहाला येतो. साठीचा, किडकिडीत, पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. कुणी सांगितलं नसतं तर मी त्याला सोयाबीनच्या व्यापाऱ्याचा माणूस समजले असते. तो बोलतो कमी आणि विचारतो जास्त. कांदा काय भावानं गेला? कालव्याला आवर्तन कधी सुटलं? शेवटच्या चारीला पाणी पोचलं का? डीपी जळाला होता तो बसवला का? किती पोरं लग्नाची राहिलीत? मामा उत्तरं देतात. सोंगाड्या बशीतला चहा संपवतो, "येतो पाटील" म्हणतो आणि दुसऱ्या ओट्याकडं वळतो. रात्री तो कुणाचं नाव घेणार नाही, पण गाव ज्याला-त्याला ओळखेल. त्याची तयारी ही अशी सुरू आहे, आरशासमोर बसण्याच्या कितीतरी आधी.

मी मंचामागच्या राहुटीत जाते. आत बल्बाचा पिवळा उजेड, पावडरीचा आणि भाकरीचा एकत्र वास. मुली ट्रंकांवर बसून एकमेकींच्या वेण्या घालतायत. पाळण्यातलं मूल जागं आहे आणि टिकल्यांच्या पाकिटाशी खेळतंय. एक वयस्क बाई मला जागा करून देते. फडात तिला सगळे मावशी म्हणतात. पूर्वी ती नाचायची, आता वगात आईची आणि राणीची कामं करते.

"बसा ताई. तुमच्या गावाला पाणी गोड हाये," ती म्हणते. "गावोगावचं पाणी आमाला पाठ. कुठं मचूळ, कुठं खारं. पाण्यावरनं गाव सांगंन मी."

शेजारची मुलगी चाळ बांधते आहे. घुंगरांचा पट्टा घोट्यापासून वर वर गुंडाळत जातो. बांधण्याआधी तिनं तो कपाळाला लावला, हे मी पाहिलं. दोन्ही पायांना मिळून काही किलोंचं ओझं होतं. उभी राहून ती एकदाच पाय आपटते आणि सगळी राहुटी झणकते. मूल खेळता खेळता थांबतं, आवाजाकडं बघतं आणि पुन्हा टिकल्यांकडं वळतं.

"तुम्ही कधी आलात फडात, मावशी?"

"नऊ वर्साची होते. तवा बत्त्या होत्या, गॅसच्या. बैलगाडीनं जायचो. माइक नव्हता. शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पायजे, असं मालक शिकवायचे. शेतात लांब उभं करायचे आन् म्हणायचे, इथून बोल." ती हसते. "आता माइकानं गळा मऊ झाला पोरींचा."

*

छबिना देवळात परततो. पालखी टेकते, गुलाल खाली बसतो आणि सगळं गाव वावराकडं सरकतं. पोरं सतरंज्या घेऊन पुढं धावतात. म्हातारे आपापल्या घोंगड्या पसरतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या मागं आडव्या लावून त्यांच्यावर तरुण चढलेत. मामी आणि मी देवळाच्या मागच्या पायऱ्यांवर बसतो. मामी लग्न होऊन आल्या तेव्हा बायकांनी इकडं बघायचंही नाही, अशी रीत होती. ढोलकी त्यांनी स्वयंपाकघरात बसून ऐकलेली. आज पायऱ्या बायकांनी भरल्या आहेत आणि मामींच्या मांडीवर नात झोपली आहे.

आधी हलगी. मग ढोलकी तिच्यात शिरते. ढोलकीवाल्यानं दोऱ्या ओढून ती चांगली चढवली आहे. शाईवर बोट पडलं की आवाज थेट छातीवर येतो. हलगी विचारते, ढोलकी उत्तर देते. मग ढोलकी विचारते आणि हलगी दोन पावलं पुढं जाते. ही सलामी. पुढच्या ओळीत गावातले मृदंगवाले बाबा बसले आहेत. दुपारी काल्याच्या कीर्तनात तेच वाजवत होते, कपाळावर बुक्का अजून तसाच आहे. त्यांचा हात मांडीवर ठेका धरतो.

अनंत फंदींबद्दल एक आख्यायिका आमच्याकडं सांगतात. अहिल्याबाई होळकरांनी त्यांचं गाणं ऐकलं आणि त्यांना सांगितलं, ही वाणी देवाच्या दारी लावा. फंदींनी तमाशा सोडला आणि ते कीर्तनाला उभे राहिले. अहिल्याबाईंचं जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात. २०२४ मध्ये जिल्ह्याला त्यांचं नाव मिळालं. ही गोष्ट लहानपणी ऐकताना मला वाटायचं की फंदी एक घर सोडून दुसऱ्या घरी गेले. बाबांच्या मांडीवरचा ठेका पाहताना वाटतं, घर एकच असावं. दुपारी त्याचं एक दार उघडं होतं आणि आता दुसरं उघडलंय.

गण सुरू होतो. सगळा फड ओळीनं उभा आहे आणि गणपतीला आवाहन करतो आहे. पुढं शाहीर, मागं सुरत्ये. शाहिरानं ओळ सोडली की सुरत्ये ती उचलतात आणि शेवटचा सूर धरून ठेवतात. मग गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवणारा कृष्ण, बोबडा पेंद्या आणि लुगडं नेसलेला, ओठ वाकडे करणारा पुरुष म्हणजे गवळणींची मावशी. तिचा पहिला प्रश्न थेट पायऱ्यांकडं येतो. मामी पदर तोंडाला लावतात, खांदे हलत राहतात.

बतावणीला सोंगाड्या येतो. सहा वाजताचा तो शांत माणूस आता ओळखूही येत नाही. सरदार त्याला विचारतो, "कुठून आलास रे?" तो म्हणतो, शेवटच्या चारीवरून, पाण्याची वाट बघत बघत म्हातारा झालो. वावर फुटतं. मग कांद्याचा भाव येतो, जळालेला डीपी येतो, मुलगी बघायला गेलेला आणि "नोकरी आहे का" एवढंच ऐकून परत आलेला पोरगा येतो. ट्रॉलीवरच्या पोरांचं हसणं या शेवटच्या गोष्टीला क्षणभर अडखळतं. ज्यांच्या हाती कालव्याचं पाणी आहे तेही इथंच खुर्च्यांवर बसलेत, आणि त्यांनाही हसावं लागतं. ग्रामसभेत जे तोंडावर आलं नसतं ते इथं टाळ्या घेऊन जातं.

सत्यशोधकांनी आपल्या जलशांसाठी हाच साचा उचलला होता. नेवाशाच्या तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटील 'दीनमित्र' चालवत होते, त्याच काळात जलशांच्या बतावणीत सावकाराला आणि भटशाहीला प्रश्न विचारले जात होते. वाचता न येणाऱ्यांपर्यंत विचार पोचवायचा तर तो ढोलकीवरून पोचतो, हे त्या लोकांनी जाणलं होतं. पुढं अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथकात तेच केलं.

*

आता रंगबाजी. दिवे फिरू लागतात, कॅसिओ आणि ऑक्टोपॅड पुढं येतात, सिनेमातली गाणी सुरू होतात. ट्रॉल्यांवरून शिट्ट्या येतात. गाण्यामागून गाणं मागितलं जातं. एक पोरगा नोट नाचवत मंचाच्या कठड्याशी येतो. कमिटीचे दोघं त्याला खांद्याला धरून मागं नेतात. मुली हसऱ्या चेहऱ्यानं नाचत राहतात, पण मी त्यांना राहुटीत पाहिलंय, म्हणून मला त्या हसण्यामागची दमणूक दिसते. कालचं जागरण, सकाळची हजेरी, आजचा घाट. तरी पाय ठेक्यावरून जराही ढळत नाहीत. ज्यांना हे नाचणं हलकं वाटतं त्यांनी ती चाळ एकदा नुसती हातात उचलून बघावी.

घड्याळ पुढं सरकतं. रात्री दहानंतर कर्ण्याला बंदी असते. यात्रेपुरती बारापर्यंत सवलत मिळाली आहे. पण गाण्यांच्या फर्माइशीत वेळ गेला आणि वग सुरू होईतो साडेअकरा वाजले. तमाशाचा खरा जीव वगात असतो. १८६५ च्या सुमारास सावळजच्या उमा-बाबूंनी 'मोहना बटाव' रचला, तिथून वगाची परंपरा सांगतात. राजा, प्रधान, दरबार, अन्याय, आणि शेवटी न्याय. पूर्वी वग सुरू व्हायचा तेव्हा अर्धी रात्र उरलेली असे, आणि तांबडं फुटताना तो संपत असे.

आजच्या वगात एका तरण्या शेतकऱ्याला खोट्या आळानं धरून नेलं आहे. प्रधानानं कट केला आहे. आता त्याची आई दरबारात यायची आहे. तेवढ्यात बंदोबस्ताचे हवालदार मंचाशी येतात आणि मनगटावरचं घड्याळ मालकांना दाखवतात. बारा वाजलेत. मालक हात जोडतात. मामाही पुढं होतात, दोन शब्द बोलतात, मग मान हलवतात. नियम सगळ्यांना सारखा.

कर्णा बंद होतो.

वावरावर एकदम शांतता पडते. जनरेटरची घरघर तेवढी राहते. कॅसिओवाला पट्ट्यांवरून बोटं उचलतो, ऑक्टोपॅडवाला काठ्या खाली ठेवतो. आवाजाच्या पेटीशिवाय त्यांच्या वाद्यांत काहीच उरत नाही. ट्रॉल्यांवरची पोरं उड्या मारून उतरतात, मोटरसायकली सुरू होतात, दिव्यांच्या रेषा गावाकडं निघतात. अर्धं वावर मोकळं होतं. मला वाटतं, संपलं.

तेव्हा मागून एक म्हातारा सुरत्या पुढं येतो. त्याच्या हातात तुणतुणं आहे. आतापर्यंत तो इतका मागं होता की मला तो दिसलाच नव्हता. तो तार छेडतो. तुण, तुण, तुण. मंजिरी तिच्यात मिसळते. ढोलकीवाला बोटं हलकी करतो. आणि मंचाच्या अगदी कडेला, जिथून पुढची माणसं हाताच्या अंतरावर आहेत, तिथं मावशी येऊन उभी राहते. पांढरं लुगडं, मोकळे केस.

ती राजाला हाक मारते. माझ्या अंगावर काटा येतो. हा आवाज माइकमधून कधी आलाच नसता. तो थेट देवळाच्या पायऱ्यांवर येतो, भिंतीला लागतो आणि मागं वळतो. नऊ वर्षांच्या मुलीला शेतात लांब उभं करून शिकवलेला हा आवाज आहे. शेवटच्या माणसाला ऐकू गेला पाहिजे.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट पाहते. उरलेलं गाव बसल्या बसल्याच पुढं सरकतं. घोंगड्या ओढत, पोरांना कडेवर घेत, सतरंज्या मुडपत. पायऱ्यांवरच्या बायका उतरतात. मामी झोपलेल्या नातीला खांद्यावर टाकतात आणि माझा हात धरून म्हणतात, "चल, ऐकू येत नाही इथून." ऐकू येत होतं. त्यांना जवळ जायचं होतं. पुरुषांच्या मध्ये, धसकटांवर, मंचापासून दहा हातांवर आम्ही बसतो. माझ्या एका बाजूला चांभारकाम करणारे काका, दुसऱ्या बाजूला सोसायटीचे चेअरमन. कुणी कुणाला सरकायला सांगत नाही. हवालदारही कठड्याला टेकून उभे राहतात, टोपी काढून.

आई पुरावा मागते. प्रधान उत्तर चुकवतो. "खोटं बोलतोय त्यो!" मागून कुणीतरी ओरडतं, आणि कुणी हसत नाही. काबुकीत नटानं डोळे रोखले की जाणता प्रेक्षक त्याच्या घराण्याचं नाव मोठ्यानं पुकारतो, नट त्या हाकेसाठी थांबतो. मावशीही या हाकेसाठी थांबते. ती प्रेक्षकांकडं वळते आणि विचारते, तुम्हीच सांगा, माझं लेकरू चोर हाय का? आणि वावर एका आवाजात सांगतं, "न्हाय!" त्यात मामींचा आवाज आहे. चेअरमनांचा आहे. माझाही आहे.

लाकडी भिंतींमधलं ते कोतोहिरा आणि उघड्यावरचं हे वावर माझ्यासाठी या घडीला एक होतं. तिथं तळघरात खांदे लावून रंगमंच फिरवणारी माणसं आहेत. इथं सरकत सरकत पुढं आलेलं गाव आहे. नाटक टिकतं ते या खांद्यांवर आणि या सरकण्यावर.

दीड वाजता न्याय होतो. टाळ्या थोडा वेळ वाजतच नाहीत. मग वाजतात तेव्हा थांबत नाहीत.

*

सकाळी नऊ वाजता हजेरी. आता मंच नाही, दिवे नाहीत. भैरवनाथाच्या समोर, पाराच्या सावलीत फडातली मंडळी बसली आहेत. चेहऱ्यावर रंग नाही, मुली साध्या साड्यांत, डोळे तांबडे. शाहीर देवाला आणि गावाला उद्देशून गातो. ढोलकी रात्रीपेक्षा खालच्या पट्टीत बोलते. मृदंगवाले बाबा पुढंच आहेत. गाणं संपल्यावर ते ढोलकीवाल्याजवळ जातात, काही न बोलता ढोलकीच्या खोडावर हात ठेवतात आणि तो हात कपाळाला लावतात. पंच नारळ देतात, मालकांना फेटा बांधतात, उरलेली बिदागी मोजून देतात. मावशी देवळाच्या नळावर तोंड धुते आहे. मला पाहून ओंजळ दाखवते. "गोड हाये," ती पुन्हा म्हणते.

वावरात आवराआवर सुरू आहे. फळ्या उतरल्या, सांगाडे सुटले, पडदे गुंडाळले. पाळणा ट्रकमध्ये सगळ्यांत शेवटी जातो, म्हणजे पुढच्या गावी तोच हाताशी येईल. कालचा घणवाला पोरगा पहारीनं मेखा उपटतो आहे. सगळ्या निघाल्यावर तो त्या कोपऱ्यात येतो, जिथं काल मुरूम लागला होता. खाली वाकून पाहतो. मग बांधावरून तीन दगड आणतो आणि त्या जागेच्या सरळ रेषेत, बांधाच्या कडेला एकावर एक रचतो.

"हे काय रे?" मी विचारते.

"खूण," तो म्हणतो. "वावर तर नांगरतीलच. पुढल्या साली मी नसलो, दुसरा कुणी असला, तर त्याला कळंल. मेख हितनं हातभर बाजूला घ्यायची."

मामा नांगरटीचं बघायला आलेत. ते दगडांकडं पाहतात, मग ट्रॅक्टरवाल्याला हात करून सांगतात, "बांधाला लागू नको."